चौकशीला आलेला माणूस

आमच्या गल्लीत अनोळखी माणूस येऊन एखाद्या घराची चौकशी करू लागला, की तो दोनच कामांसाठी आलेला असतो. एक तर वसुलीचा, नाहीतर स्थळाचा. वसुलीवाला बसत नाही, चहा घेत नाही, आवाज चढवून बोलतो. स्थळवाला बसतो, चहा घेतो आणि ‘माणसं कशी आहेत?’ असं हळूच विचारतो. वसुलीवाल्याला आमचे शेजारी काही म्हणजे काही सांगत नाहीत. स्थळवाल्याला मात्र इतकं गोड सांगतात, की आपलीच माणसं आपल्याला ओळखू येऊ नयेत. विमा कंपनीसुद्धा आपला माणूस असा चौकशीला पाठवते, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

माझे यजमान कुंदन. सातपूरला एका कारखान्यात क्रेन चालवायचे. दोन वर्षांपूर्वी दिंडोरी रोडवर द्राक्षांच्या क्रेटनी भरलेल्या पिकअपने यांच्या मोटारसायकलला उडवलं. मणक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण कमरेखालचं अंग जवळजवळ गेलं. अख्ख्या मखमलाबादला हाका मारत फिरणारा माणूस खिडकीजवळच्या पलंगावर पडून राहिला. देवाने एवढंच बरं केलं होतं, की कारखान्याने कामगारांचा विमा उतरवलेला होता. अपघाताने काम करता येईनासं झालं तर निवृत्तीच्या वयापर्यंत दर महिन्याला अर्धा पगार. पहिलं वर्ष तो बिनबोभाट आला. त्यावरच घर चाललं, औषधं चालली, व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीवाली मुलगी यायची तिचीही फी निघाली.

मग फेरतपासणीचं पत्र आलं. तेजलने, म्हणजे आमच्या मुलीने, हॉस्पिटलचे सगळे कागद पाठवले. महिनाभराने उत्तर आलं, की दावा बंद करण्यात येत आहे. कारण वाचून आधी मला हसूच आलं. ‘शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार विमाधारक पहाटे उठून मळ्यात काम करतात व दरवर्षी वणीच्या गडावर पायी जातात.’

मी ते पत्र घेऊन तरातरा शेजारी कुसाबाईंकडे गेले. त्या ओट्यावर शेवंती निवडत बसल्या होत्या. फुलं दुसऱ्या दिवशी बाजारात जायची होती.

“मावशी, आमच्या घराची चौकशी करायला कोणी आलं होतं?”

“आलता की!” त्या खुशीत म्हणाल्या. “इस्तरीचा शर्ट, पायात बूट. चहा पेला, गोड बोलला. निफाडच्याच पावन्यांचा मानूस असंल. तू काळजीच करू नको, मी लय चांगलं सांगितलंय.”

“काय सांगितलंत?”

“म्हनलं, कुंदनभाऊ म्हंजी वाघ हाय वाघ! पहाटं मळ्यात, दर साली गडावर पायी. अगं, पोरीचा बाप अंथरुनाला खिळलाय म्हनून सांगू व्हय त्याला? झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई!”

मी पत्र वाचून दाखवलं. त्यांच्या हातातली फुलं तशीच राहिली. “मला काय ठावं गं,” त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, गडाबरोबर त्र्यंबकेश्वरही जोडलं असतं. खरा संताप आला तो त्या बूटवाल्याचा. भिंतीपलीकडे माणूस पडलेला होता. त्याला बघायला याच्याकडे वेळ नव्हता, चहाला होता.

कंपनीत फोन लावला. तिकडची मुलगी मध लावल्यासारखं बोलत होती. “मॅडम, तुमच्याच शेजाऱ्यांचा जबाब आहे. शेजारी कशाला खोटं बोलतील?” या पोरीच्या लग्नाच्या वेळी तिच्या गल्लीत कोणी चौकशीला गेलंच नसावं.

तेजल माझ्यासारखी नुसती तणतणत बसणारी नाही. कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज करायचा, यांना काय काय करता येत नाही ते डॉक्टरांकडून सविस्तर लिहून घ्यायचं, आणि शेजाऱ्यांनी आता खरं सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं. अडचण एकच होती. निफाडचं स्थळ खरोखरच चालू होतं. मुलगा चांगला, घरची बाग, पत्रिका जुळलेली. त्यांना आम्ही एवढंच सांगितलं होतं, की वडिलांना पाठीचा त्रास आहे. गल्लीत एकदा खरं बोलायला सुरुवात झाली, की ते निफाडला पोचायला कितीसा वेळ लागणार?

“पोचू दे,” तेजल म्हणाली. “बाबांचे पैसे आधी. बाप आजारी आहे म्हणून जे नाही म्हणतील, त्यांच्या घरी मला जायचंच नाही.”

ती बोलली खरी, पण बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. मुलगा तिला आवडला होता. मला ते माहीत होतं, आणि तरीही मी तिला थांबवलं नाही.

मी कुसाबाईंना जाऊन सांगितलं, “मावशी, पुन्हा कोणी आलं तर काही म्हणजे काही झाकायचं नाही. आहे ते सगळं सांगा.”

“समदं?”

“सगळं.”

अर्ज गेला आणि थोड्याच दिवसांत दुसरा माणूस आला. या वेळी त्याने घरात येऊन यांना पाहिलं, पाय उचलायला सांगितलं, फोटो काढले. मग बाहेर गेला आणि बरोबर आमच्या खिडकीखाली त्याने कुसाबाईंना गाठलं. मागची चूक भरून काढायची म्हणून त्याही जीव तोडून, मोठ्याने बोलत होत्या.

“बायकू उचलून मोरीत नेती, साहेब. कधी कधी अंथरुनातच व्हतं, मंग चादरी धुती बिचारी. जवान गडी व्हता, आता कायबी कामाचा राह्यला नाय. रातीचा रडतो. आमच्या भिंतीला समदं ऐकू येतं.”

रात्री ते रडतात हे मला ठाऊक होतं. मी झोपेचं सोंग घ्यायचे. ते भिंतीपलीकडे ऐकू जातं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी खिडकी लावायला धावले. “राहू दे,” हे म्हणाले. “बोलू दे त्यांना. तूच सांगितलंस ना?”

“सगळं खरं सांगा म्हणाले होते.”

“खरंच तर सांगतायत.”

संध्याकाळी त्यांनी पलंग मागच्या खोलीत हलवायला लावला. तिथे खिडकी नाही.

दावा मंजूर झाला. थकलेले पैसेही आले. कुसाबाईंनी गोड शिरा केला, मीही खाल्ला. निफाडच्या मंडळींनी फोन उचलणं बंद केलं. कारण काही दिलं नाही. आम्हीही विचारलं नाही. तेजल कामावर जाते, घरी येते, बाबांजवळ बसते. त्या मुलाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

मंजुरीच्या पत्रात खाली एक ओळ होती. प्रकृतीत सुधारणा झाल्यास विमाधारकाने ताबडतोब कळवणे बंधनकारक आहे, तसेच चौकशी केव्हाही करण्यात येईल. या ओळीने माझ्या डोक्यात घर केलं. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पायात बूट आहेत, ते मी बघत बसायचे. यांना खुर्चीत बसवून अंगणात न्यायचे, तेही बंद केलं. उगाच कोणी म्हणायला नको, की बसतोय म्हणजे बरा झाला.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुपारी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. मागे काहीतरी घासल्यासारखं वाजलं. वळून पाहिलं तर हे दारात उभे. एक हात भिंतीला, एक चौकटीला, पाय लटपटतायत, अंग घामाने भिजलेलं, आणि चेहऱ्यावर हसू. ते हसू मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. फिजिओथेरपीवाल्या मुलीबरोबर त्यांनी गुपचूप तयारी केली होती. मला चकित करायचं होतं त्यांना.

पुढचं दार सताड उघडं होतं. मी कणकेच्या हातांनी धावत जाऊन ते लावलं, कडी घातली, आणि मागे वळून विचारलं, “कोणी बघितलं का?”

हा माझा पहिला शब्द. नवरा दोन वर्षांनी स्वतःच्या पायांवर उभा राहिला आणि मी त्याला हे विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “कोणी नाही बघितलं.” हसू गेलं होतं. मी हात दिला तो त्यांनी धरला, आणि मी त्यांना परत पलंगावर नेऊन बसवलं. क्रेन चालवता येणार नाही, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. ही चार पावलं म्हणजे काही नोकरी नव्हे. पण बूटवाल्याला ती पुरली असती.

थोड्या वेळाने त्यांनी फोन मागितला. फिजिओथेरपीवाल्या मुलीला लावला आणि शांतपणे सांगितलं, “ताई, उद्यापासून येऊ नका.”

मी तिथेच उभी होते. मी त्यांना अडवलं नाही.