हाडाचे अश्रू आणि आत्याची इस्त्री

बरोबर बारा वाजता महाराज काळं कापड ओढून काढायचे आणि हाड रडायला लागायचं.

हाड म्हणजे देवमाशाचा जबडा. दोन पुरुष उंच, वाळूत उभा पुरलेला. आदल्या वर्षी एक मेलेला देवमासा आमच्या किनाऱ्यावर येऊन पडला, तेव्हा सगळं गाव नाकाला रुमाल लावून त्याला पाहून आलं होतं. नगरपालिकेने तुकडे करून तो पुरला. जबडा तेवढा क्रेनच्या पट्ट्यातून निसटला आणि क्रेनवाल्याची जेवणाची सुट्टी झाली म्हणून तसाच राहिला. पुढे कित्येक महिने कुत्रीसुद्धा त्याला हुंगून पुढे जात. मग महाराज आले, त्यांनी जबडा उभा पुरून शेजारी तंबू ठोकला आणि त्याच वासाला लोक सुवास म्हणू लागले.

"नावातच देव आहे," महाराज सांगत. "तुम्ही फक्त मासा पाहिलात. तो तुमच्या आजारांसाठी रडतोय आणि तुम्ही नाकं दाबताय."

कापड निघालं की पिवळसर थेंब हाडावरून ओघळत. महाराज ते कापसाच्या बोळ्यावर टिपून एकेकाच्या डोळ्यांत पिळत. दृष्टी सुधारते, असा लौकिक होता. महाराजांना स्वतःला जाड भिंगांचा चष्मा होता. एकदा कोणीतरी भीत भीत त्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "हा माझ्यासाठी नाही. तुमची पापं मला फार जवळून दिसतात, ती जरा लांब दिसावीत म्हणून."

लोक हसले आणि वर नमस्कारही केला.

महाराज पैसे घेत नसत. आमचा बेकरीवाला हे दर वाक्याआड सांगे, जणू जो पैसे घेत नाही तो खोटं बोलूच शकत नाही. त्यांची अट एकच होती. जबड्यापाशी एक पत्र्याचं पिंप ठेवलं होतं. आपापलं औषध त्यात टाकायचं आणि मगच पुढे यायचं.

देवमासा देवही नाही आणि मासाही नाही, आपल्यासारखाच पिलाला दूध पाजणारा प्राणी आहे. पण हे सांगायला मी तिथे जात नव्हते. मी जात होते ते आत्याने आपले डोळ्यांचे थेंब त्या पिंपात टाकले होते म्हणून.

आत्या शिवणकाम करते. आमच्या घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. तिला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसेनासं होतं आणि गेलेलं परत येत नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब घातला की दाब ताब्यात राहतो. डॉक्टरीणबाईंनी हे आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं.

"सहा आठवडे झाले," आत्या म्हणाली. "काही दुखलं का? नाही ना? मग गुण आलाच की."

"आधी तरी कुठे दुखत होतं?"

"तेच तर. आता त्याहूनही कमी दुखतंय."

मी नवी बाटली आणून ठेवली. तिने ती न उघडता बटणांच्या डब्यामागे सारली. दोन दिवसांनी तो डबाच तिच्या डाव्या कोपराने सांडला. त्या आठवड्यात तो तीनदा सांडला. मग डावा खांदा दाराच्या चौकटीला लागला. "ही चौकट सरकली की काय?" ती म्हणाली. मी खाली बसून बटणं वेचत होते.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. वाद घालायला मला जमत नाही, मोजायला जमतं. सतरा दिवस मी दुपारच्या सुट्टीत तापमापक घेऊन किनाऱ्यावर गेले. हाड अकरा दिवस रडलं, सहा दिवस रडलं नाही. रडलं त्या प्रत्येक दिवशी बाराच्या सुमाराला तापमान एकतीसच्या वर होतं. न रडलेल्या सहाही दिवशी आभाळ भरलेलं होतं. त्या दिवशी महाराज गर्दीवरून नजर फिरवत आणि म्हणत, "आज इथे कुणाच्या तरी मनात किंतू आहे." लोक एकमेकांकडे बघत. माझ्या हातातल्या वहीकडे जरा जास्तच.

वही आत्यापुढे ठेवली.

"तुझ्या आकड्यांना डोळे आहेत का?" तिने विचारलं.

"नाहीत."

"मग ते माझ्या डोळ्यांबद्दल काय बोलणार?"

म्हणजे सतरा दिवसांची मेहनत पाण्यात गेली. किनाऱ्यावरून माझ्यासोबत आला तो फक्त डागाळलेला प्रयोगशाळेचा पांढरा कोट. हाडाला खेटून उभी होते म्हणून त्याच्या बाहीवर हातभर पिवळा डाग पडला होता.

आत्या काहीही सहन करेल, पांढऱ्या कापडावरचा डाग सहन करणार नाही. "काढ तो कोट, आण इकडे," ती म्हणाली. तिने डागाखाली आणि डागावर टीपकागद घातला, कोळशाची इस्त्री फुंकून तापवली आणि अलगद टेकवली. कागदावर तेलाचा ठिपका उमटला, मोठा झाला. तिने कागद बदलला, पुन्हा टेकवली.

"इतकं सोपं?" मी विचारलं.

"तीस वर्षं करतेय. तेल थंडीत धाग्याला धरून बसतं. ऊब लागली की पातळ होतं आणि वाट मिळेल तिकडे पळतं. शाळेत नाही शिकवलं तुला?"

"शिकवलं."

"मग?"

आत्याची इस्त्री कागदावरच थांबली. कोट करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती उचलली. तीस वर्षांत तिच्या हातून कापड करपलेलं मी पाहिलं नव्हतं.

"ते काळं कापड," ती सावकाश म्हणाली. "सकाळपासून उन्हात हाडावर असतं ना?"

"सकाळपासून."

"काळं कापड किती तापतं, हे मला कोणी सांगायला नको." तिने इस्त्री बाजूला ठेवली. "उद्या लवकर उठव मला."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता हवा गार होती. रांगेत पंधरावीस माणसं आधीच उभी होती. काळं कापड अजून चढवलेलं नव्हतं. हाड कोरडं होतं, त्यावर तेल मेणासारखं थिजलेलं. महाराज पंचा नेसून दात घासत होते, चष्म्यासकट. आत्याने इस्त्रीतले निखारे फुंकले, हाडाची एक जागा निवडली आणि इस्त्री टेकवली.

"माई," महाराज तोंडातला फेस थुंकून धावले, "हा अपमान आहे."

"अपमान कसला? सुरकुती काढतेय."

दोन मिनिटं काही झालं नाही. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. मग इस्त्रीखालून एक पिवळा थेंब सुटला. त्यामागून दुसरा. मग धार लागली. रांगेतली कुजबुज थांबली.

"बघा," महाराज लोकांकडे वळून म्हणाले, "मी नुकताच मनात संकल्प केला."

"बरं झालं," आत्या म्हणाली. तिने इस्त्री उचलली. "आता तुम्ही संकल्प करा. मी लांब उभी राहते."

महाराजांनी डोळे मिटले. धार बारीक झाली, थेंब झाले, थेंबही थांबले. आत्याने हाडाची दुसरी बाजू शोधली आणि तिथे इस्त्री टेकवली. थोड्या वेळाने तिथेही तेल सुटलं.

"संकल्प उजवीकडचा होता की डावीकडचा?" तिने विचारलं.

रांगेतून कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. मी पुढे होऊन एवढंच सांगितलं की देवमाशाची हाडं आतून जाळीदार असतात, त्या जाळीत तेल भरलेलं असतं आणि जनावर मेल्यावरही ते वर्षानुवर्षं झिरपत राहतं. ऊन लागलं की झिरपतं, गारठ्यात थिजतं. त्याला कुणाचा आजार कळत नाही. आणि सडलेल्या हाडाचं तेल डोळ्यात घालू नये, हे कळायला शास्त्र लागत नाही, नाक पुरतं.

बेकरीवाला मात्र गुडघ्यांवर बसला होता. त्याचे हात इस्त्रीकडे जोडलेले होते.

"ताई," तो भारावून म्हणाला, "ही कुठून मिळाली तुम्हाला?"

"लोहाराकडून. आणि हात लांब ठेव, भाजशील."

महाराज तंबूत गेले ते बाहेर आले नाहीत. लोकांना पिंपाची आठवण झाली. त्यांनी ते आडवं पाडलं आणि आपापल्या बाटल्या शोधू लागले. कोणाची दम्याची औषधं, कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या, कोणाचं काय. चिठ्ठ्यांवरची अक्षरं पुसली होती. "यातलं काही घेऊ नका," मी प्रत्येकाला सांगत होते. पत्रा हाताला चटका देईल इतका तापायचा त्या पिंपाचा. ज्या उन्हाने हाड रडवलं, त्याच उन्हाने आतली औषधं निकामी केली होती.

डॉक्टरीणबाईंनी आत्याला तपासायला अर्धा तास घेतला. मग कागदावर एक वर्तुळ काढून त्याचा डावीकडचा भाग काळा केला.

"एवढं गेलं," त्या म्हणाल्या. "उरलेलं थेंबांनी टिकेल."

"हे परत येणार नाही?"

"नाही."

आत्याने कागदाची घडी घातली, शिंप्याच्या सवयीने कडेला कड जुळवून.

मला लोकांना एवढंच सांगायचं आहे. चमत्कार दिसला की नमस्कार करण्याआधी चमत्कार करणाऱ्याला जरा बाजूला सरकवा, वेळ बदला आणि पुन्हा पाहा. त्याच्यावाचून तेच घडलं, तर तो तिथे कशासाठी उभा आहे ते विचारा. तो पैसे घेत नसेल, तर दुसरं काय घेतोय ते तर नक्कीच विचारा. आणि हे सगळं विचारून होईपर्यंत औषध सोडू नका. शंका थांबायला तयार असते, आजार नसतो.

आत्या आता सकाळी आठला आणि रात्री आठला थेंब घालते. एक दिवसही चुकत नाही. बटणांचा डबा तिने उजवीकडे ठेवला आहे.