शंभर किलोचा रॉड

ओइवाच्या वजन उचलायच्या रॉडवर शंभर किलोचा शिक्का होता. त्याहून जास्त प्लेटा चढवल्या तर रॉड वाकेल, मग आमच्या नावाने बोंब मारू नका, एवढाच त्याचा अर्थ. ओइवाने मात्र तो शिक्का स्वतःलाच लावून घेतला. रॉड शंभर पेलतो, मग मीही पेलेन! आयुष्यभर तुर्कूच्या गोदीत लोखंडाशी झटलेल्या आणि आता सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोण समजावणार?

हा सगळा खटाटोप बायकोसाठी होता. हिवाळ्याच्या तोंडावर केर्तूच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. नगरपालिकेच्या बायका घरी येत, तिला यंत्राने उचलत आणि शॉवरखाली धुऊन काढत. अंगणातल्या सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराला, तीन पायऱ्या आणि अरुंद दार. तिथे यंत्र जाईना. लग्न झाल्यापासून एकही शनिवार सौनाशिवाय न काढलेली बाई ती, शॉवरला ती अंघोळ मानायलाच तयार नव्हती.

"मोटार धुतात तशी धुतात मला," ती म्हणाली. "ओइवा, एकदा सौनातल्या वरच्या फळीवर नेऊन बसव. मग मेले तरी चालेल."

"आणि मेलीस तर खाली कोण उतरवणार?"

"तूच. तुला दुसरं काम काय आहे?"

केर्तूचं वजन चौऱ्याहत्तर किलो. ओइवाने अडगळीतून जुना रॉड काढला, गंज घासला आणि मोटारीच्या शेडमध्ये चाळिसापासून सुरुवात केली. शेजारचा रेइनो कॉफीचा थर्मास घेऊन रोज तमाशा बघायला हजर.

"बायको उचलायची तर बायकोच उचलून बघ की. लोखंड कशाला?"

"लोखंड खाली पडलं तरी ओरडत नाही."

"म्हणूनच सांगतोय, बाबा."

ओइवाने ते कानाआड केलं. नाताळाच्या आधी पन्नास झाले, बर्फ वितळायला लागेस्तोवर नव्वद. घरात येऊन तो आकडा सांगायचा आणि केर्तू चांगल्या हाताने त्याचा दंड चाचपायची. त्या हिवाळ्यात दोघं सुखी होती, हे कबूल केलंच पाहिजे.

एप्रिलमधल्या एका शनिवारी पायऱ्या कोरड्या झाल्या. ओइवाने दुपारीच सौनाची भट्टी पेटवून तिच्यावरचे दगड तापत ठेवले, खाटेवरून केर्तूला उचललं आणि अंगण सहज पार केलं. ती त्याच्या कानाशी हसत होती. पहिली पायरी झाली. रॉड कसा दोन्ही हातांत सारखा राहतो, हलत नाही, घसरत नाही. केर्तूचं डावं अंग मात्र ओल्या घोंगडीसारखं लोंबत होतं. दुसऱ्या पायरीवर ते एकदम खाली गेलं. सोडायचं नाही म्हणून ओइवा तसाच वाकडा वळला आणि त्याच्या कंबरेत काहीतरी कडकन तुटलं.

दोघं पायऱ्यांवर पडली. रेइनो धावत आला, त्याने रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत केर्तू आपला मोडलेला खुबा विसरून सौनाच्या धुराड्याकडे बघत होती.

"दगड तापले असतील रे आता," ती म्हणाली.

त्यानंतर केर्तू घरी आलीच नाही. शुश्रूषागृहात तिला कायमची जागा मिळाली, अर्थातच शॉवरसकट. ओइवाला डॉक्टरांनी बजावलं, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. शंभराचा शिक्का बाळगणाऱ्या माणसाला बटाट्यांची पिशवीही रेइनोकडून आणवावी लागली.

केर्तूने जेवण जवळजवळ टाकलं. सप्टेंबरात एकदा ओइवा भेटायला गेला, तेव्हा ती कधी नव्हे ती खुशीत होती.

"आज वजन केलं माझं. पन्नास! तेवढं तर तू नाताळाच्या आधीच उचलत होतास."

"हो, उचलत होतो."

"मग या शनिवारी ने ना. आता मी जड नाही."

तिच्या हाताची नुसती हाडं राहिली होती.

"नेतो," तो म्हणाला.

ती डोळे मिटून शांत पडून राहिली. निघायची वेळ झाली, तेव्हा आपल्याला खुर्चीतून उठवायला कुणीतरी यावं म्हणून ओइवाने तिच्या उशाची घंटा दाबली.