दक्षिण तारा संघाची जाळी

मी एक जुनी जाळी आहे. जाळी म्हटले की तुम्हाला मासे आठवतील, मित्रांनो. पण माझ्यात कधी एक मासाही अडकला नाही. मी फुटबॉलच्या गोलाची जाळी. मॉरिशसच्या दक्षिणेला प्लेन मान्येन नावाचे गाव आहे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला विमानतळ आणि मध्ये मैदान. त्या मैदानावरच्या दक्षिण तारा संघासाठी माझा जन्म झाला.

मला चंपाने विणले. चंपा समुद्रकाठची. तिचे वडील मासेमारी करत, त्यामुळे लाकडी सुईने गाठ मारणे तिच्या हातात लहानपणापासून होते. लग्न होऊन ती यशपालच्या घरी आली. यशपाल साखर कारखान्यात कामाला होता आणि दक्षिण तारा संघाचा कप्तान होता. संघाची जुनी जाळी कुजून गेली तेव्हा चंपा म्हणाली, "विकत कशाला आणता? मी करते की." घरकाम आटोपले की ती अंगणातल्या लिचीच्या झाडाला दोर बांधून बसे आणि मी तिच्या मांडीवर वीतवीत वाढत जाई. पहिल्यांदा मला गोलाच्या खांबांना बांधले, तेव्हा म्हातारी माणसे हात लावून बघत होती. माझे कौतुक झाले की चंपा पदर सावरून दुसरीकडे बघे.

चंपाला एकच धाकटा भाऊ, देवानंद. आईवडील गेल्यावर यशपालने त्याला आपल्या घरी आणले. गोल राखायला त्यानेच त्याला शिकवले. कामावरून कितीही दमून आला तरी यशपाल चेंडू मारत राही आणि देवानंद झेपा घेत राही. हातून सुटलेला चेंडू मी पोटात घेई. संघात दुसरा एक गोलरक्षक होता. तरी यशपाल अध्यक्ष नंदलाल काकांना म्हणाला, "मेहुणा म्हणून नाय सांगत, काका. पोरगा खरंच चांगला आहे."

आणि तो चांगला होताच. त्याच्या जोरावर आमचा संघ १९७८ साली पहिल्या श्रेणीत गेला. त्या दिवशी गावाच्या बैठकेत, म्हणजे आमच्या सभागृहात, बायापुरुषांनी झाकरी नाचाचा फेर धरला.

पुढचे वर्ष मात्र आम्हाला भोवले. मोठ्या शहरांचे संघ, पक्के खेळाडू, नव्या कोऱ्या बुटांची माणसे. आमची पोरे सकाळी ऊस तोडून दुपारी खेळायला उतरत. सामन्यामागून सामने आम्ही हरलो. मी ते सारे गोल झेलले, पण त्या पराभवांचे मला वाईट वाटले तरी लाज कधी वाटली नाही. ते पराभव प्रामाणिक होते.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. समोर शहरातला एक मोठा क्लब. तो जिंकला तर अजिंक्यपद त्याचे. आम्ही बरोबरी साधली तरी पहिल्या श्रेणीत टिकणार होतो. गाव लोटले होते. खेळ संपत आला तरी एकही गोल झाला नव्हता. इतक्यात त्यांचा एक लांब चेंडू उसळत आमच्या गोलाकडे आला. यशपाल त्याच्या वाटेत होता, पण चेंडू गोलरक्षकाच्या हातचा होता. यशपाल ओरडला, "देवा, सोर्ती!" म्हणजे, पुढे ये. आणि विश्वासाने तो बाजूला झाला.

देवानंद जागचा हलला नाही.

त्यांचा खेळाडू दोघांच्या मधून धावत आला आणि चेंडू माझ्यात येऊन पडला. त्यानंतर कुठे विमान डोक्यावरून गेले, पण गलक्यात ते कुणाच्या ध्यानात राहिले नाही. मित्रांनो, मी देवानंदच्या पाठीशी हातभर अंतरावर होते. ती हाक मी स्वच्छ ऐकली होती.

सामना संपताच सगळे यशपालवर धावून आले. "चेंडू सोडलास का तू?" नंदलाल काकांचा आवाज चिरकत होता.

"मी हाक दिली, काका."

सगळ्यांनी देवानंदकडे पाहिले. तो माझ्या दोऱ्यांशी चाळा करत म्हणाला, "विमानाच्या आवाजात मला तर काहीच ऐकू आलं नाय."

यशपाल त्याच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "असेल. माझाच आवाज पडला असेल." त्याच दिवशी त्याचे कप्तानपद गेले. बाजारात माणसे त्याला पाहून हळू आवाजात बोलू लागली. कारखान्यात कुणीतरी त्याला 'चेंडूसोड्या' हे नाव ठेवले, ते चिकटले.

दोन महिन्यांनी चंपा अंगणात माझी फाटलेली बाजू सांधत होती. देवानंद नवा गणवेश घालून आला. त्याला विमानतळावर नोकरी लागली होती.

"कुणी लावून दिली रे?" चंपाने विचारले.

त्याने त्या शहरातल्या क्लबच्या अध्यक्षाचे नाव घेतले. चंपाची सुई थांबली.

"देवा, माझ्याकडे बघ. ह्यांची हाक तुला ऐकू आली होती का?"

"दीदी, जन्मभर ऊसच तोडायचा का मी? एक गोल तर दिला. कुणाचा जीव नाय घेतला."

"ज्यांनी तुला हाताला धरून वाढवलं, त्यांना गावभर तोंड लपवायला लागतं. तुला दिसत नाय?"

"भावजी सोसतील. त्यांना सवय आहे. तू बोलू नकोस, दीदी. नोकरी जाईल माझी."

"तू स्वतः सांग त्यांना."

"रविवारी सांगतो," तो म्हणाला. रविवार यायच्या आत त्याने सामान उचलले आणि तो दुसरीकडे राहायला गेला.

मग चंपानेच यशपालला सांगितले. तो लिचीच्या बुंध्याला टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मी त्याला माझ्या मुलासारखा..." मग म्हणाला, "सांगू नको कुणाला. तुझाच भाऊ आहे तो."

"आहे ना," चंपा म्हणाली. "म्हणून मीच सांगणार."

संघाची सभा होती त्या दिवशी मला खांद्यावर घेऊन ती बैठकेत गेली. बायका तिथे सहसा बोलत नसत. तिने मला टेबलावर ठेवले आणि भावाचे नाव घेऊन सगळे सांगितले. कुणी मान खाली घातली. कुणी कुजबुजले, "नवऱ्याला वाचवते आहे." नंदलाल काका मात्र दुसऱ्या दिवशी घरी आले. "माझं चुकलं, यशपाल. परत ये," म्हणाले. यशपालने त्यांना चहा दिला, पण मैदानावर तो पुन्हा कधी उतरला नाही. संघही फार दिवस टिकला नाही. कुणी पास दिला की घेणारा आधी देणाऱ्याचे तोंड बघे. असा संघ कसा चालेल?

मला चंपाकडे परत देण्यात आले. तिने मला परसात ताणून माझ्यावर शुशूच्या फळभाजीचे वेल चढवले. उन्हापावसाने माझा रंग गेला, गाठी सैल झाल्या.

पाचसहा वर्षांनी भाऊबिजेला देवानंद मोटारीतून आला, मिठाईचा डबा घेऊन. चंपाने त्याला चहा दिला, पण ओवाळणीचे ताट बाहेर आले नाही. यशपाल कामावरून आला, त्याने पाहिले, "बस," म्हणाला आणि मागच्या परसात निघून आला. माझ्या दोऱ्यांत बोटे अडकवून तो उभा राहिला. मोटार सुरू होऊन दूर जाईपर्यंत त्याची बोटे सुटली नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगायला हवे, तेही सांगते. पण त्याहून मोठे एक मागणे आहे. तुमच्यावर विसंबून कुणी बाजूला झाले, तर जागचे हला. आणि ज्याचा दोष नाही त्याच्यावर आळ येताना पाहिलात, तर त्याच क्षणी बोला. त्या दिवशी हाक पोचली होती, हे मैदानात देवानंदला ठाऊक होते आणि मला. मला तोंड नव्हते.