मशीनमधल्या बुकिंगबाई

"हा भोपळा कुणाचा हो?" पार्सलवाल्याने खिडकीतून डोकं आत घालून विचारलं आणि बुकिंगबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण भोपळा त्यांचाच होता! पार्सल कचेरीतला तो जुना कॉम्प्युटर सुरू होताना रोज निळं आकाश दाखवायचा. आज आकाशाच्या जागी बाईंचा फोटो. तोही असा, की गाल पडद्याच्या दोन्ही कडांना टेकलेले आणि नाक बटाट्यासारखं बसकं.

"तूच केलंस हे."

"आईशपथ नाही बाई! मला त्या मशीनला हात लावायची भीती वाटते."

शपथ फारच पटकन घेतली, असं बाईंना वाटलं. आठवडाभर कचेरीत काहीतरी शिजत होतं. त्या आल्या की बोलणं थांबायचं. म्हातारे मालक त्यांच्याशी बोलताना पंख्याकडे बघायचे. मालकांचा भाचा तर एकदा बाईंच्या खुर्चीत बसून, गोल फिरून, खूश होऊन गेला होता! खुर्ची हातची जाणार, ही शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली होती. आणि वर ही थट्टा?

दिवसभर बाईंचा एक डोळा पार्सलांवर, एक माणसांवर. भाचा हसला, म्हणून संशय. पार्सलवाला हसला नाही, म्हणून जास्तच संशय! चहावाल्याकडेही त्यांनी असं रोखून पाहिलं की बिचारा रिकामे कप न घेताच पळाला.

संध्याकाळी मशीन बंद करायला घेतलं, तर तिथेही दुसरा फोटो! खिडकीशी बसून गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या बाई, लाटण्याखाली आल्यासारख्या पसरलेल्या. पण हा पाठमोरा फोटो काढला कुठून? बाई सावकाश मागे वळल्या. मागे एकच दार होतं. मालकांच्या खोलीचं.

"साहेब, माझी अशी चेष्टा?"

मालक गोरेमोरे झाले. "चेष्टा? अहो, नातीकडून शिकून मी स्वतः बसवले ते फोटो! मशीन चित्र आडवं ओढतं, आधी अरुंद करा, असं बजावलं होतं तिनं. तेवढंच विसरलो बघा."

"पण कशाला?"

"उद्या नवं मशीन येतंय. भाचा बसेल त्यावर. हे तुम्ही घरी न्या. म्हटलं, सुरू केलंत की तुम्ही दिसाल, बंद करताना तुमची खिडकी." मालक पुन्हा पंख्याकडे बघू लागले. "तोंडानं सांगवेना हो, बाई."

संशय खरा ठरला होता. पण या माणसावर ओरडायचं तरी कसं? बाईंनी पदराने चष्मा पुसला.

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. एक माणूस खोकं कवटाळून उभा होता.

"उद्या या म्हणावं," मालक पुटपुटले. "मशीन बंद झालंय."

"हाताला काय झालंय माझ्या?" बाई खिडकीपाशी गेल्या, खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि मार्करचं टोपण दातांनी काढलं.

"बोला दादा, कुणाला पाठवायचंय? सावकाश सांगा."