बिघडलेला गंधार

बिरुदेवला परदेशात मोठं पारितोषिक मिळालं आणि इकडे सोलापुरात चिंतामणी सरांची मान ताठ झाली. का नाही होणार? सांगोल्याकडच्या मेंढपाळाचं हे पोर नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, सरांच्या गायनाच्या क्लासात चार वर्षं शिकलेलं. आता तो सिनेमाचा संगीतकार. त्याची गाणी कुठल्या कुठल्या देशांत वाजतात! पण पठ्ठ्यानं मुलाखतीत सरांचं नाव काही घेतलं नाही. 'सोलापूरचा एक क्लास' एवढंच म्हणाला. तेच सरांना सलत होतं. चाळीस वर्षं घसा फोडून शिकवलं, आणि जगात नाव कुणाचं, तर क्लासाचं!

म्हणून पुण्याहून भार्गवी नावाच्या अभ्यासक मुलीचा फोन आला तेव्हा सर खुर्चीतून ताडकन उठले. बिरुदेवला जगानं एवढं का उचलून धरलं, त्याची कारणं शोधणारं पुस्तक ती एका परदेशी विद्यापीठासाठी लिहीत होती.

"सर, बिरुदेव म्हणतात, त्यांचा सूर तुमच्या क्लासातल्या पेटीतून आला. ती पेटी मला रेकॉर्ड करायचीय. रविवारी येऊ का?"

"या की! अवश्य या!"

फोन ठेवला आणि सरांच्या अंगात वारं शिरलं. फुलस्केपची चार पानं भरून त्यांनी मान्यतेची नऊ कारणं लिहून काढली. सात कारणांत ते स्वतः होते, उरलेल्या दोनांत त्यांचे गुरुजी. मग नजर पेटीवर गेली. मधल्या सप्तकातला गंधार तीस वर्षं बिघडलेला! धड शुद्ध नाही, धड कोमल नाही. आज दुरुस्त करू, उद्या करू, करता करता राहून गेलेलं. तो सूर वाजला की सर मुलांना म्हणायचे, "पेटीचं ऐकू नका रे, मनातला लावा." बाकीची मुलं लावायची. बिरू मात्र पेटी म्हणेल तसंच म्हणायचा आणि रोज बोलणी खायचा.

"हे असलं परदेशात ऐकवायचं? छे!" म्हणत सरांनी पेटी दुरुस्त करणाऱ्या सिद्धारामला बोलावलं.

त्यानं पेटी उघडली. "सर, ही रीड कामातनं गेली की. नवीच घालतो." घातली. वर पॉलिशही करून दिलं. पेटी कशी नवऱ्या मुलासारखी दिसायला लागली.

रविवारी भार्गवी आली. सरांची तीन कारणं तिनं मान हलवत ऐकली, चौथ्याला म्हणाली, "सर, पेटी बघू या ना?" आणि लॅपटॉप उघडला. "त्यांच्या प्रत्येक सिनेमात एक गंधार येतो. शुद्ध आणि कोमलच्या मधला. तिकडचे लोक त्यापायी वेडे झालेत. कुणी म्हणतं धनगरी ओव्यांतून आला, कुणी म्हणतं प्राचीन श्रुती आहे. तेवढा एकच सूर वाजवा."

सरांनी वाजवला. स्वच्छ, शुद्ध, बोट ठेवायला जागा नाही असा.

भार्गवीचा चेहरा पडला. "हा तर नेहमीचाच आहे हो. ते सहज बोलून गेले असतील. मग पुस्तकातून हा भाग गाळावा लागेल."

गाळावा लागेल! लाज सोडून सरांनी दुरुस्तीचं सांगून टाकलं आणि सिद्धारामला फोन लावला.

"जुनी रीड? ती मोडीत गेली की सर. वितळली बी आसंल."

"मग नवी तशीच बिघडवून दे!"

"सूर लावायचं माप हाय माझ्याकडं. बिघडवायचं माप कुटनं आणू?"

सरांनी स्वतः गाऊन पाहिलं. पण चाळीस वर्षांचा रियाज तो! गळा जाऊन जाऊन शुद्ध गंधारावरच बसे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या सुरेल गळ्याचा संताप आला.

तेवढ्यात सरांच्या पत्नी प्रभाकाकू चहा घेऊन आल्या. "अहो, असा नव्हताच तो," म्हणाल्या, आणि हातात ट्रे तसाच धरून त्यांनी सूर लावला.

लॅपटॉपच्या पडद्यावर दोन रेघा, एक बिरुदेवच्या गंधाराची आणि एक काकूंच्या सुराची, एकमेकींवर तंतोतंत बसल्या. भार्गवी ओरडलीच, "काकू, परत! परत म्हणा!" काकूंनी परत लावला. तोच. भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं कानावर पडलेला.

"काकू, हा तुम्हाला शिकवला कुणी?"

सर पुढे सरसावून बसले. पेटी त्यांची, घर त्यांचं, बायकोही त्यांचीच. उत्तर ठरलेलं होतं.

"शिकवतंय कोण?" काकू कप मांडता मांडता म्हणाल्या. "मी पोळ्या लाटताना गुणगुणले की हे बाहेरून ओरडायचे, 'प्रभा, बेसूर!' सगळी मुलं हसायची. मग सोडलं गाणं. तेवीस वर्षं झाली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. सरांना त्याचंच जास्त लागलं. भार्गवीची बोटं क्षणभर थांबली, मग भराभर टाइप करायला लागली. मान वर न करता तिनं विचारलं, "सर, तुमचं पूर्ण नाव सांगा ना. पुस्तकात घालते."

चिंतामणी सरांनी तोंड उघडलं, पण नाव काही बाहेर पडेना. शेवटी प्रभाकाकूंनीच ते वडिलांच्या नावासकट सांगितलं, आणि चष्मा लावून ऱ्हस्व-दीर्घही तपासून घेतलं.