प्रणालीच्या लाइव्हवर वच्छलाआत्या

बी.कॉम. झाल्यावर अकोल्याच्या प्रणालीनं लाइव्ह गेम खेळून दाखवायचं ठरवलं. गेम बंदुकीचा होता. सगळे एका बेटावर उतरतात, एकमेकांना मारतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. वडील किसनराव दिवसभर भाजीच्या दुकानावर असत, त्यामुळे घर मोकळंच होतं. तिनं कॉम्प्युटरवर कॅमेरा बसवला आणि बातम्या देणाऱ्या बाईसारख्या मराठीत सुरुवात केली. "नमस्कार प्रेक्षकहो, आज आपण विजयाचा प्रयत्न करणार आहोत."

प्रेक्षक एकच होता. चांदूर बाजारची वच्छलाआत्या.

आत्याला टाइप करता येत नसे. ती मोबाईलशी बोलायची आणि तिचं बोलणं जसंच्या तसं कॉमेंटमध्ये उमटायचं. आधी तिनं जेवली का म्हणून विचारलं. मग मागच्या दोरीवरचे कपडे काढायला सांगितलं. प्रणालीनं हसून दुर्लक्ष केलं. हळूहळू दुसरे लोकही डोकावू लागले, पण ते दोन मिनिटांत निघून जात.

एके दिवशी प्रणालीनं भिंतीआडून एकाला टिपलं. लगेच कॉमेंट आली, "तो बिचारा पट्टी बांधून राहिला होता त्याले काहून मारलं."

नवीन आलेले लोक थांबले. कोणी लिहिलं, आत्या बरोबर बोलतात. पुढच्या जखमी माणसाला सोडून देण्याचा आग्रह सुरू झाला. प्रणालीनं नाइलाजानं एकाला सोडलं. तो चार पावलं गेला, वळला आणि त्यानं तिलाच गोळी घातली.

बातम्यांची मराठी तिथंच संपली. "आत्या, आता गप बस बरं! तुह्यापायी मेली मी. आता तूच ये इथं अन् खेळ!"

लोक हसून हसून लोटपोट झाले. त्या दिवशी कोणी उठून गेलं नाही. आत्या मात्र निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. फोनही उचलेना. प्रेक्षक रोज विचारायचे, आत्या कुठं आहेत?

शेवटी प्रणाली बसनं चांदूर बाजारला गेली. आत्या अंगणात मिरच्यांची देठं काढत बसली होती. तिनं वर न बघता पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. प्रणालीनं माफी मागितली, चारचौघांत असं बोलायला नको होतं, म्हणाली.

"त्याचा राग नाही मले," आत्या म्हणाली. "मी सांगतलं म्हणून तू त्याले सोडलं अन् मेली. मंग कोणत्या तोंडानं येऊ?"

प्रणालीला हसू आवरेना. तिनं आत्याला समजावलं की गेममध्ये माणूस मेला तरी पुन्हा उतरतो. आत्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. इतके दिवस ती त्या सगळ्यांसाठी हळहळत होती.

संध्याकाळी प्रणालीनं तिथूनच मोबाईलवर लाइव्ह केलं. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून शेजारी बसली. प्रणाली सुरुवातीलाच हरली, पण दोघींच्या गप्पा तासभर चालल्या.

अकोल्याला परतल्यावर जेवताना किसनरावांनीच विषय काढला. त्यांनी सांगितलं की दुकानावर सगळ्यांनी मिळून ते लाइव्ह पाहिलं, गिऱ्हाइकंसुद्धा ताटकळली.

"खेळणं काही समजलं नाही," ते म्हणाले. "पण तू बोलते चांगली. उद्या किती वाजता हाय?"