घरातलं नाव

"आज शाळेच्या ब्लॉगवर आपल्या साक्षीच्या फोटोखाली तू काय लिहिलंस?" मी रात्री फोनवर विचारलं.

"कवा? आज दिवसभर रेंजच नव्हती गं," राजवर्धन म्हणाला. माझा नवरा फौजेत, सध्या जैसलमेरला.

फोटोखाली मात्र त्याच्याच नावानं लिहिलेलं होतं, 'भिंगरी, उद्या लाल फ्रॉक घालून ये.'

आमच्या मलकापूरच्या बालवाडीतल्या निम्म्या पोरांचे बाप फौजेत. त्यांना लेकरं दिसावीत म्हणून शाळेनं ब्लॉग काढला, प्रत्येक घराला लॉगिन दिलं. पासवर्ड काय, तर पोराचं घरातलं लाडाचं नाव! "म्हणजे पप्पा विसरणार नाहीत," मुख्य मॅडम पालकसभेत हसत म्हणाल्या होत्या. आणि साक्षीला आम्ही शिकवलेलं, भिंगरी म्हणेल तोच आपला माणूस. बाकी कुणाबरोबर जायचं नाही.

मी कॉम्प्युटरमध्ये बीसीएस केलंय. ब्लॉगचं सॉफ्टवेअर कुठलं ते शोधलं. त्या जुन्या आवृत्तीत भोक आहे हे बनवणाऱ्यांनीच कधीचं जाहीर केलेलं, दुरुस्तीही दिलेली. शाळेत कुणी अपडेटचं बटणच दाबलं नव्हतं. ब्राउझरमध्ये एक पत्ता टाकला, तर लॉगिन न करताच सगळे पासवर्ड समोर. चिमी, गोटू, बबड्या, भिंगरी. सगळ्यात वर मॅडमचा. अंगाची नुसती आग झाली.

सकाळी वेणी घालताना साक्षीला म्हटलं, "कुणी भिंगरी म्हणून हाक मारली तरी जायचं नाही."

"पप्पांनी मारली तर?"

तिला घरीच सासूबाईंजवळ ठेवलं आणि तडक शाळा गाठली. ऑफिसात मॅडम होत्या आणि ब्लॉग बनवणारा त्यांचा पुतण्या, पृथ्वीराज.

"वैनी, आपल्या मलकापुरात कुठला हॅकर येतोय?" तो हसला.

"आलाय. माझ्या लेकीला लाल फ्रॉक घालायला सांगतोय."

मॅडमनी चहा मागवला. "शनिवारी स्नेहसंमेलन आहे, पाहुण्यांना ब्लॉग दाखवायचाय. ते झालं की बघू. तोवर पालकांत बोलू नका हं, उगीच घाबरतील."

"घाबरू देत की!"

त्या पुढंही बोलत होत्या. मी फोन काढला. त्यांचंच नाव, त्यांचाच पासवर्ड टाकून ब्लॉगमध्ये शिरले. त्या कॉमेंटचा स्क्रीनशॉट पोलिसांसाठी आधीच घेतलेला. पोरांचे फोटो, नावं, लॉगिन, सगळं पुसलं. पृथ्वीराजच्या कॉम्प्युटरवर कोरं पान आलं.

"आवं वैनी, काय केलं हे!"

"हा गुन्हा आहे," मॅडम उभ्या राहिल्या.

"मग चला पोलीस ठाण्यात. मी निघालेच आहे. पासवर्ड उघडे कुणी ठेवले, तेही लिहून घेतील."

फाटकाशी बाया पोरांना सोडत होत्या. बनुबाई नातवाची बाटली त्याच्या गळ्यात अडकवत होत्या.

"आजी, याला घरी काय म्हणता?"

"बबड्या. का गं?"

"आजपासून त्या नावानं कुणी हाक मारली, तरी यानं जायचं नाही. थांबा, सांगते. सगळ्याच थांबा!"